वीज गेली तर?

साकेत नगरात रुग्णांचे विजेवर वर-खाली होणारे पलंग भाड्याने देणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. आईला धाप लागते, डोकं उंच ठेवूनच झोपावं लागतं. म्हणून मी विचारलं, "वीज गेली तर डोक्याकडची बाजू खाली येईल का?"

"काका, हे आजवर कुणीच विचारलं नाही!" माझ्या हाती फोन देऊन, डोक्याकडची बाजू वर करून, चपला काढून त्या स्वतःच पलंगावर आडव्या झाल्या. "व्हिडिओ सुरू करा. प्रश्न परत विचारा, जरा मोठ्याने. आता प्लग काढा."

मी काढला. पलंग तसूभरही हलला नाही. माझी पावती करण्याआधी त्यांनी तो व्हिडिओ दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. "ही काळजी काय तुम्हाला एकट्यालाच आहे?"

"आणि खाली आला असता तर?"

"तरी टाकला असता. पलंग मात्र तुम्हाला दिला नसता."