अलकनंदाबाईंच्या बोटांचा आवाज

अलकनंदाबाई लग्न होऊन साताऱ्याहून झाशीला आल्या. यजमान रामकृष्णपंत इथल्या इंजिनिअरिंग कंपनीत होते. एका उन्हाळ्यात ते हार्टअटॅकनं गेले, तेव्हा सई तीन वर्षांची होती. बाई माहेरी परतल्या नाहीत. हिंदी टायपिंग शिकल्या आणि सीपरी बाजारातल्या घरावर पाटी लावली.

पहिले आले देवेंद्रजी. मूळचे टहरौलीचे, ओरछा गेटजवळ राहणारे शाळामास्तर. हातात कादंबरीचं बाड, पण अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखं. त्यामुळे बाईच रोज दुपारी सईला घेऊन त्यांच्या घरी जायच्या. मास्तर वाचून दाखवायचे, त्या टाइप करायच्या. ‘की’ आणि ‘का’मध्ये त्यांचा हमखास गोंधळ व्हायचा. मास्तर न रागावता समजावून सांगत.

शेवटच्या प्रकरणात विधवा नायिका विहिरीत उडी घेते, असं आलं आणि बाईंची बोटं थांबली.

“ये मैं नहीं लिखूंगी, भाईसाहब. मैं भी विधवा हूं. मैं तो नहीं कूदी.”

चौथ्या दिवशी मास्तरांनी नवं प्रकरण पुढे ठेवलं. त्यात नायिका जगली होती, गावात पिठाची चक्की चालवत होती. ती कादंबरी स्टेशनास्टेशनांवर खपली आणि देवेंद्रजींचं नाव घरोघरी झालं. पुढच्या एकतीस कादंबऱ्या बाईंनीच टाइप केल्या.

देवेंद्रजी गेल्यावर त्यांच्यावर सिनेमा निघाला. साउंडवाला पराग टायपिंगचा आवाज रेकॉर्ड करायला शोधत शोधत बाईंकडे आला. “काकू, मशीन आम्हाला मिळालं, पण हात बसलेलं माणूस मिळेना.” चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई पंखा बंद करून, घामाघूम होत दुपारभर टाइप करत राहिल्या.

सिनेमा लागला. पडद्यावर मात्र टाइप करत होती देवेंद्रजींची बायको रामदेवी. बाहेर येताच सई भडकली. “आई, ये तो सरासर गलत है! आवाज तुझा, आणि तू कुठेच नाहीस!”

“अगं, मी टाइप करायचे तेव्हा तू कुठे असायचीस?”

“रामदेवी चाचींकडे. स्वयंपाकघरात.”

“तुला भरवलं कुणी, पाढे कुणी म्हणून घेतले? सहा वर्षं रोज. एका दिवसाचा कंटाळा नाही. तिनं तुला सांभाळलं म्हणून माझी बोटं चालली. दिसू दे की तिला पडद्यावर.”

सईनं ऑटो थांबवली. “भैया, ओरछा गेट.”

रामदेवी आता थकल्या होत्या, थिएटरपर्यंत जाणं त्यांना झेपलं नव्हतं. सई त्यांच्या खाटेपाशी बसली आणि तिनं सगळा सिनेमा पहिल्यापासून सांगितला. “मोय दिखाओ?” मला दाखवलं का, असं म्हातारीनं तीन तीनदा विचारलं. दर वेळी बाईंनी तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं.