पिवळी खूण सोडायची नाही

आमच्या घराण्यात आजवर कुणीही हरवलेलं नाही, मेंढरूसुद्धा नाही. आता आम्ही भांडगावात ऊस लावून एका जागी बसलो, पण आबांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) तरुणपणी दोनशे मेंढरं घेऊन अर्धा मुलूख पालथा घातला आणि नेली तेवढी परत आणली. प्रत्येक मेंढराच्या पाठीवर रंगाचा एक पट्टा ओढायचा, म्हणजे दुसऱ्याच्या कळपात घुसलं तरी ओळखू येतं, एवढीच त्यांची युक्ती. अशा घरात मी जन्मलो आणि रांजणगावच्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर झालो. पिवळ्या पट्ट्याच्या आतून कसं चालायचं, हे मी लोकांना शिकवतो. पगार घेऊन!

त्यामुळे हिमाचलात गेल्यावर नऊ हजार फुटांवरची ती प्रसिद्ध पायवाट मीच निवडली. शेकडो वर्षांची पाइनची झाडं, चित्रविचित्र आकाराचे दगड, वर बर्फाचे डोंगर. माझ्याकडे नवे बूट, नवं निळं जॅकेट, घडीच्या दोन काठ्या आणि गळ्यात शिट्टी. आबांकडे चपला, घोंगडी आणि कमरेला भंडाऱ्याची पिशवी.

"आवो, आबांना बहात्तरावं लागलंय," रेखानं (माझ्या बायकोनं) दारातच दम भरला. "उजेडात न्यायचं आन् उजेडात आणायचं. काय झालं तर तुमच्या बहिणी मला फाडून खातील!"

"अगं, सेफ्टीतला माणूस आहे मी!"

"म्हणून तर भ्या वाटतं."

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते घरमालक म्हणाले, "भाईसाब, पीला निशान देखते जाना, पीला निशान देखते आना. शाम को ऊपर बहुत ठंड पडती है." मी त्यांच्याकडे एका तज्ज्ञाने दुसऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

चढताना मी पुढे, रेखा मध्ये, आबा मागे. दगडावर लांब लांब अंतरावर पिवळे ठिपके होते. मी प्रत्येक ठिपक्याशी थांबून शिट्टी वाजवायचो. (तिसऱ्या शिट्टीनंतर रेखानं शिट्टी काढून घेतली.) माथ्यावर पोचलो तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता आणि आबा विचारत होते, "चढ कवा सुरू व्हणार?"

वर हत्तीएवढ्या एका दगडाशी चपाती आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मग मी पाइनच्या बुंध्याला टेकून, डोळे मिटून अर्धा तास निसर्ग अनुभवला. (रेखाच्या मते घोरलो.) आबा म्हणाले, "मी जरा पाय मोकळं करून येतो," आणि दगडांत हिंडून आले.

परत निघालो आणि मी थक्क झालो. पिवळ्या खुणा आता दर दहा पावलांवर! डावीकडे, उजवीकडे, कपारीत, सुळक्यावर!

"बघ रेखा, याला म्हणतात मार्किंग! उतार धोक्याचा, म्हणून खुणा वाढवल्यात. आमच्या कंपनीत कुणाला सुचलं असतं का?" मी फोटो काढला. नेमकी रेंज आली, तो कंपनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'बघा आणि शिका.'

अर्धा तास चाललो. समोर हत्तीएवढा एक दगड आला. पायथ्याशी शेंगदाण्याची चटणी सांडलेली.

"अरे वा!" मी म्हणालो. "आपल्याकडचं कुणीतरी येऊन गेलंय!"

"आपणच," रेखा म्हणाली.

पुन्हा खुणा धरल्या. पुन्हा हत्ती, पुन्हा चटणी! ऊन डोंगराआड गेलं, वारा सुटला. आबांना इथं थंडीत रात्र काढावी लागली तर? बहिणींना काय तोंड दाखवू? मी मोबाइल उंच धरून गोल फिरू लागलो.

रेखानं खुणेवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "आवो, ह्यो रंग न्हाई. हळद हाय ही."

आम्ही दोघांनी सावकाश मागे बघितलं. आबा शांतपणे आणखी एका ओल्या दगडाला भंडारा लावून हात जोडत होते.

"आबा! हे तुम्ही केलं?"

"मग? देव हायत त्ये. ह्यो बघ, हुबेहूब बिरोबा."

"किती दगडांना लावला?"

"दिसलं त्येवढ्यास्नी. परमुलखातलं देव, वळख नको व्हय?"

"अहो, मी त्या खुणा बघून चाललोय!"

"मला वाटलं दर्शन घेत हिंडतोयस. म्हनलं, शेवटी पोरगं देवाला लागलं!" मला रागवायलाही जागा उरली नाही.

"आता खाली कसं जायचं?" मी विचारलं.

आबांनी वाकून जमिनीवरनं काहीतरी उचललं, दोन बोटांत चुरडलं आणि म्हणाले, "ताज्या हायत."

लेंड्या! मेंढरांच्या!

"सांजच्याला मेंढरं खाली वस्तीकडंच जात्यात. चल मागनं."

आणि हजारो रुपयांचे बूट घातलेला सेफ्टी सुपरवायझर मान खाली घालून लेंड्या बघत डोंगर उतरला. अर्ध्या तासात खालच्या गावातले दिवे दिसले. रेखानं 'हुश्श' केलं आणि आबांच्या पाया पडली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. साहेबांचा मेसेज होता, 'फोटो उत्तम. सेफ्टी वीकला यावर तुम्हीच बोला.' मी तो रेखाला दाखवला, तर ती रस्त्यातच खाली बसून हसायला लागली.

आबांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवी झटकून उरलेला भंडारा तळहातावर घेतला आणि माझ्या मागे आले. मला वाटलं, पाठ थोपटतायत. त्यांनी खांद्यापासून कमरेपर्यंत निळ्या जॅकेटवर एक लांब पट्टा ओढला.

"आबा, हे काय?"

"ऱ्हाऊ दे. उद्या परत कुठं गेलास तर लोकं आणून तरी देतील."

तीन धुण्यांनंतरही तो पट्टा गेलेला नाही. सेफ्टी वीकला मी तेच जॅकेट घालून बोललो. विषय होता, 'खुणा पाळा, सुखरूप घरी पोचा.'