साखरेचा खिलार

जुन्नरच्या बाजारपेठेत अन्सारची बेकरी आहे. तिथं पाव, खारी आणि नानकटाई मिळते, आणि या तिन्हींच्या पलीकडं माणसाला काही लागत असेल असं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं. अपवाद अन्सारची बायको रुमाना. तिला फॉन्डंटचे केक करायचे होते. फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीक. ती लाटून केकवर गोधडीसारखी पांघरायची आणि उरलेल्या गोळ्यातून बाहुली, बूट, विमान, गिऱ्हाईक सांगेल ते वळायचं.

रुमाना हे मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकली. व्हिडिओतल्या बाई दर दोन मिनिटांनी ‘बिलकुल आसान है’ म्हणायच्या. फॉन्डंट महाग, म्हणून सराव गव्हाच्या कणकेवर. स्टीलच्या डब्याला थर चढवायचा, सुरकुती आली की उतरवायचा, आणि संध्याकाळी त्याच कणकेच्या चपात्या. अन्सारनं कित्येक दिवस या अतिमळलेल्या चपात्या निमूट खाल्ल्या. नवऱ्याच्या पाठिंब्याचा याहून मोठा पुरावा मागणं योग्य नाही. खरा फॉन्डंट हाती आला तेव्हा तो आधी तडकला, मग फ्रीजबाहेर काढल्यावर त्याला घाम फुटला. पहिला गुलाब फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झाला.

गल्ल्यावर सासूबाई, अमिरुन्निसा. काउंटरच्या काचेतला खालचा कप्पा रुमानानं आपल्या केकसाठी मागितला होता.

“एक ऑर्डर कर,” सासूबाई म्हणाल्या. “लोकांनी खाल्ला तर बघू. केक परत आला किंवा ताटात टाकला, तर हे खेळ बंद. कप्पा खारीचा आहे, खारीचाच राहील.”

ऑर्डर आली डिंगोरे गावच्या भगवंतची. त्याच्या शर्यतीच्या खिलार बैलाचा, पिंट्याचा, वाढदिवस होता. या भागात बैलाचा वाढदिवस फ्लेक्स, मंडप आणि केक यांच्याशिवाय होत नाही. मालकाचा राहून गेला तरी चालतो.

“ताई, फोटो चिकटवलेला केक नको. लई झालं ते,” भगवंत म्हणाला. “हुबेहूब पिंट्या पायजे. बसलेला. लोकं म्हणली पायजेत, आता उठतोय का काय!”

त्यानं पिंट्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो पाठवले, मागच्या बाजूनंही. रुमानानं केक कोरून अंग केलं, त्यावर करडा फॉन्डंट पांघरला. डोकं, वशिंड आणि शिंगं भरीव फॉन्डंटची. भगवंतचे व्हॉइस मेसेज चालूच होते. “डाव्या शिंगाचं टोक जरा आत हाय, ताई. नायतर तो गेणूचा बैल दिसंल.” हा धोका टाळण्यासाठी शिंग तीनदा झालं.

मंडपात रुमाना-अन्सारनं केक उघडला तेव्हा बायका पुढं सरकल्या. बाजूलाच खरा पिंट्या गळ्यात हार घालून उभा होता. त्यानं साखरेच्या पिंट्याकडं फक्त एकदा पाहिलं. गाणं सुरू झालं, भगवंतनं सुरी उचलली आणि विचारलं, “कुठनं कापू?”

“मानेपासनं घे की,” पाहुण्यांतला गेणू म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. गाणं थांबलं.

“बैलाला सुरी लावतो व्हय रं?” भगवंतची आई साळुबाई म्हणाली.

भगवंतचा हात तसाच राहिला. कुणीही रुमाना-अन्सारकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी इतक्या सभ्यपणे दुसरीकडं पाहिलं की दोघांना काय ते समजलं.

“वरचं साल काढू का?” अन्सारनं हळूच विचारलं.

“म्हणजे सोलायचा?” रुमाना दातांतल्या दातांत म्हणाली.

“ऱ्हाऊ द्या, ताई,” भगवंतनं सुरी खाली ठेवली. “झ्याक झालाय. असाच ठिवतो शोकेसात.”

इथं रुमानाला मान डोलावून घरी जाता आलं असतं. कौतुक झालं होतं. पण न खाल्लेला केक सासूबाईंच्या हिशेबात परत आलेलाच होता, शिवाय तिला खोटं जमेना.

“भाऊ, आत क्रीम आहे. उद्या वास मारेल.”

“पिंट्याचा?” भगवंत कळवळून म्हणाला.

रुमानानं केकखालचा पाट उचलला. “मावशी, आत चला माझ्याबरोबर. थोडं तूप द्या.”

स्वयंपाकघरात तिनं हाताला तूप लावलं. शिंगं काढली, वशिंड काढलं, डोकं काढलं आणि सगळं एकत्र मळायला घेतलं. वरून वाळलेला फॉन्डंट आधी भुगा झाला, मग तुपानं नरम पडला. डावं शिंग मोडताना तिचा हात किंचित अडला. साळुबाई दाराला पाठ लावून बघत होती.

“पोळ्याला मातीचे बैल आमी पुजतो, मग पाण्यातच सोडतो की,” ती म्हणाली. “ह्यो तुपात सोडला म्हणायचा.”

रुमानानं सोबत आणलेला केशरी रंग घालून गोळ्याचे झेंडू वळले. डोकं नसलेलं अंग म्हणजे नुसता केक, हे दोघींनी न बोलता मान्य केलं. वड्या पाडल्या, प्रत्येकीवर एक झेंडू.

बाहेर गेणूनं विचारलं, “बैल कुठं गेला?”

“गोठ्यात,” साळुबाई म्हणाली. “खा आता.”

खाल्ला. गेणूनं दोनदा घेतला. पिंट्याला मिळाला नाही, त्याचं पथ्य होतं.

संध्याकाळी सुनेच्या हातात पाट दिसताच अमिरुन्निसांनी विचारलं, “आला परत?”

“नुसता पाट आला.”

त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. कडेला चिकटलेला चुरा बोटानं उचलून चाखला. “साखर जास्त आहे,” म्हणाल्या, आणि खालच्या कप्प्यातली खारी स्वतः वर सरकवली.

आता रुमाना ऑर्डर घेताना चव नंतर विचारते, आधी विचारते की सुरी कोण लावणार. मागच्या आठवड्यात एकाला वडिलांच्या सत्तरीला केकवर वडील हवे होते. तिनं वडील वेगळ्या पुठ्ठ्यावर, खुर्चीत बसवून दिले.