सरांच्या तोंडचं कौतुक

पेशंटच्या लेखी ती "सुईवाल्या बाई" होती. सर्जनचं नाव पेशंटच्या सात पिढ्यांना तोंडपाठ व्हायचं, आणि ज्या बाईने ऑपरेशनभर त्यांचा श्वास सांभाळला ती "त्या कोण त्या, सुईवाल्या". भूलतज्ज्ञाचा धंदाच तसा. त्याचं वाईट वाटून घेणं तिने कधीच सोडलं होतं. तिचा सगळा मत्सर एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता, आणि तो तिने वर्षानुवर्षं जिवापाड जपला होता.

तो माणूस म्हणजे तिच्याच वर्गातला हिरा. हे नाव त्याला सरांनी दिलेलं. सर म्हणजे दोघांना भूल शिकवणारे गुरू, आणि जिभेला नुसती धार. हिऱ्याने पहिल्या फटक्यात शीर पकडली की सगळ्या वर्गाला गोळा करायचे. "बघा रे, याला म्हणतात हात!" तीच शीर, तसाच फटका, हात तिचा असला की सर म्हणायचे, "हं. पुढे." तिला ते नावानेसुद्धा हाक मारत नसत. "ए," एवढंच.

आता खोटं कशाला बोला, हिरा हुशार होताच. पण मग ती काय दगड होती? सरांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तो उतरलाच नाही. थेट मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचा विभागप्रमुख झाला. ती एका तीनमजली हॉस्पिटलात, मूत्रविकाराच्या सर्जनबरोबर, रोज सकाळी सुया टोचत राहिली. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याला चिडवायला विषय लागत नसे. "तुझ्या हिऱ्याचा फोटो आलाय पेपरात. थांब, चष्मा पुसून देतो, नीट बघ." ती पेपर घडी करून ठेवून द्यायची, आणि तो दुकानात गेला की नीट बघायची.

सरांच्या दर वाढदिवसाला ती त्यांना फोन करायची. सर तिला हिऱ्याची खुशाली सांगायचे. तिची कधी विचारायचे नाहीत. फोन ठेवला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी पुढच्या वर्षी पुन्हा फोन करायची. का, तर एकदा, फक्त एकदाच, त्या तोंडून "छान" ऐकायचं होतं. बाई पन्नाशीला आली, मुलगी लग्नाला आली, पण ही भूक काही मेली नाही.

आणि सरांची प्रोस्टेटची गाठ वाढली. सर्जन त्यांनी घराजवळचा, म्हणजे तिच्याच हॉस्पिटलचा निवडला, पण भूल द्यायला हिरा येणार होता. शब्दच दिला होता त्याने. मग त्याचं कुठेतरी परदेशात व्याख्यान निघालं, आणि सरांचा तिला फोन आला.

"ए, तो काही येऊ शकत नाहीये. तू तिथेच असतेस ना? मग तूच दे."

दुधाची तहान ताकावर! तिने "बरं सर" म्हणून फोन ठेवला, सगळ्या घरावर चिडचिड केली, आणि परीक्षा असल्यासारखी जुनी पुस्तकं काढून बसली.

खरं तर हे ऑपरेशन तिच्या हातातलं होतं. यात पोट कापत नाहीत. लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालायची आणि वाढलेली गाठ थोडी थोडी खरवडून काढायची. सर्जनला आतलं दिसावं म्हणून वरच्या बाटल्यांतून सारखं पाणी सोडायचं, ते खाली बादलीत परत येतं. या हॉस्पिटलचं मशीन जुनं, त्याला मिठाचं पाणी चालायचं नाही, बिनमिठाचं खास पाणी लागायचं. गोम तिथेच होती. खरवडताना शिरा उघड्या पडतात, त्यांतून हे पाणी रक्तात शिरतं. फार शिरलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते, आधी माणूस भरकटतो, मग झटके येतात, आणि कधीकधी परत येत नाही.

म्हणून अशा पेशंटला ती पूर्ण झोपवायची नाही. पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करायची आणि त्याच्या उशाशी बसून गप्पा मारायची. हेही सरांनीच शिकवलेलं. "मॉनिटर बोंबलेपर्यंत उशीर झालेला असतो. पेशंटशी बोलत राहा. त्याचा स्वभाव बदलला की समज, पाणी रक्तात गेलं." त्यासाठी ती प्रत्येक पेशंटच्या बायकोला आदल्या दिवशी विचारून ठेवायची, माणूस तापट आहे की गरीब, बोलका आहे की घुम्या. सरांच्या बाबतीत कुणाला विचारायची गरजच नव्हती.

त्या सकाळी सुई पहिल्या फटक्यात बसली. सर म्हणाले, "हं."

पडद्यापलीकडे सर्जनचं काम सुरू झालं. पडद्याअलीकडे ती सरांच्या उशाशी स्टूल घेऊन बसली, आणि सरांनी हिरा सुरू केला.

"तो पाठीत सुई घालतो ना, कळतसुद्धा नाही माणसाला."

"माझी कळली का, सर?"

"मी कुठे तसं म्हणालो?" सर वरच्या दिव्याकडे बघत म्हणाले. "पण त्याची गोष्टच वेगळी. परदेशात बोलावतात त्याला. तुला बोलावलं कधी?"

"नाही, सर."

"मग."

तिने मास्कच्या आत ओठ आवळले. मनात म्हणाली, ज्याला व्याख्यान सुटलं नाही त्याची आरती, आणि जी उशाशी बसलीय तिच्या नावाने शंख. पण बोलतायत हे बरं होतं. कुचकं बोलतायत म्हणजे फारच बरं होतं. गाठ भलतीच मोठी निघाली होती, बाटल्यांवर बाटल्या लागत होत्या.

मग सर थोडा वेळ गप्प झाले. तिने विचारलं, "सर, काय विचार करताय?"

"पोरी," सर म्हणाले. आवाज मऊ होता. "तुझा हात फार छान आहे."

तिला वाटलं, आपण भलतंच काही ऐकलं.

"सगळ्या वर्गात तूच. हिऱ्यापेक्षा तू."

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने चटकन नर्सकडे बघितलं, हिने ऐकलं की नाही? हिरा या वेळी इथे हवा होता, या इथे, या दाराशी उभा. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते असं, न मागता, ओंजळीत येऊन पडलं होतं. ती सरांच्या कानाशी वाकली.

"पुन्हा सांगा ना, सर. ऐकू नाही आलं."

लख्ख ऐकू आलं होतं. नको विचारायला, हे तिलाही कळत होतं, तरी तिने विचारलं.

"हिऱ्यापेक्षा तू," सर म्हणाले, आणि तिच्याकडे बघून गोड हसले.

ते हसू बघून ती झटकन सरळ झाली. इतक्या वर्षांत सर तिच्याकडे बघून हसले नव्हते. तिला "पोरी" म्हणाले नव्हते. हे सर नव्हतेच. मॉनिटरवर सगळे आकडे शहाण्यासारखे बसले होते.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली.

"पाचच मिनिटं मॅडम, थोडीच राहिलीय."

"एक मिनिटसुद्धा नाही. पाणी बंद करा, रक्त थांबवा आणि बाहेर पडा."

"अहो, सर तर मजेत आहेत." सर्जन पडद्यावरून डोकावला. "मी ऐकतोय ना, कौतुक चाललंय तुमचं."

"म्हणूनच म्हणते, थांबा."

तिचा आवाज असा काही लागला की सर्जनने पुढे वाद घातला नाही. नर्सने बादली मोजली. वरून सोडलं त्याच्या मानाने परत फारच थोडं आलं होतं. बाकीचं सरांच्या अंगात मुरलं होतं. रक्त तपासायला गेलं, मीठ खूप खाली आलं होतं. तोवर सर आपल्या मेलेल्या आईला हाका मारायला लागले होते. तिने ऑक्सिजन लावला, लघवीवाटे पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, मिठाचं सलाइन अगदी हळू सुरू केलं, आणि दिवसभर खाटेजवळून हलली नाही. मी दुसऱ्यांदा का विचारलं, एवढा एकच प्रश्न दिवसभर तिला कुरतडत होता.

संध्याकाळी सरांनी डोळे उघडले. बाटलीकडे बघितलं.

"ए, हे सलाइन एवढं हळू का?"

त्या एका "ए"ने तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी तिला रडूही आलं. सर परत आले होते, आणि "पोरी" म्हणणारा गेला होता.

दुसऱ्या दिवशी हिरा आला. विमानातून उतरून थेट, हातात हा एवढा गुच्छ.

"सर, मी असायला हवं होतं."

"हो ना रे," सर म्हणाले. "तू म्हणजे तूच."

ती सलाइन बघत होती. तिने मान वर केली नाही, पण आत जे पेटायचं ते पेटलंच.

हिऱ्याने तिला विचारलं, "तुला कळलं कसं गं इतक्या लवकर? मॉनिटर तर ठीक होता म्हणे."

"सरांनी माझं कौतुक केलं," ती म्हणाली.

हिरा मोठ्याने हसला. सर हसले नाहीत.

"काय म्हणालो मी?"

"आठवत नाही, सर."

शब्दन्‌शब्द आठवत होता. पण ते या माणसासमोर सांगायचे आणि त्याने पुन्हा हसायचं, हे तिला जमणार नव्हतं.

सर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग हिऱ्याकडे वळले.

"तू असतास, तर कसं ओळखलं असतंस?"

"असंच सर, बोलण्यावरून. तुम्हीच तर शिकवलंत."

"कसं ओळखणार?" सर म्हणाले. "तुझं तर मी रोजच कौतुक करतो."

हिरा गुच्छाची रिबीन सोडत आणि पुन्हा बांधत उभा राहिला. त्याचा चेहरा असा पडलेला तिने आजवर फक्त मनात बघितला होता.

"ए," सर तिला म्हणाले, "बस खाली. कालपासून उभी आहेस."