दसाराम मामांच्या भिंतीवरचं पाणी

दसाराम मामांनी माझ्या टेबलावर लाकडाचं एक बूच आणून ठेवलं, तेव्हा मी हेड ऑफिसला मेल लिहीत होतो. बूच मुठीएवढं जाड, वाळून तडकलेलं. ते तलावातून पाणी सोडायच्या भोकाचं होतं, म्हणजे ते सदा ओलं असायला हवं होतं.

“ठेव,” मामा म्हणाले. “कागद उडू नये म्हून कामी येईल. आमच्याकडं आता याचं काम नाही राहिलं.”

मामा म्हणजे आमच्या गावाचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी सोडायचं हे पाणकर ठरवतो, आणि त्याच्यावर अपील नसतं. गेटवरच्या गार्डने त्यांच्याकडून रजिस्टर भरून घेतलं होतं. ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात मामांनी एकच शब्द लिहिला होता: पाणी.

मी तुमसर तालुक्यात एका खासगी कंपनीच्या मँगनीज खाणीवर एन्व्हायर्नमेंट ऑफिसर आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गावातला पहिला बी.ई.सुद्धा मीच. हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझ्या आईला तर अजिबात नाही. ती बसमध्ये शेजारी बसणाऱ्यालाही सांगते.

माझं मोठं काम म्हणजे ईएसजी रिपोर्ट. कंपनी पर्यावरणाशी कशी वागते, माणसांशी कशी वागते आणि कारभार कसा करते, याचा हा वर्षाचा हिशेब. शाळेच्या प्रगतीपुस्तकासारखाच, फरक एवढाच की इथे मार्क विद्यार्थी स्वतः भरतो आणि मग बाहेरचा ऑडिटर येऊन ते तपासतो.

त्यात एक प्रश्न असतो: तुम्ही ‘झिरो लिक्विड डिस्चार्ज’ करता का? म्हणजे खाणीचं पाणी थेंबभरही बाहेर सोडत नाही ना? खाण खोल गेली की चारी बाजूंनी पाणी झिरपतं. ते पंपाने उपसून टाक्यात आणायचं, गाळ खाली बसू द्यायचा, लॅबमध्ये तपासायचं आणि नाल्यात सोडायचं. आमचं वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. म्हणून दरवर्षी या प्रश्नासमोर ‘नो’ लिहावं लागायचं, आणि हेड ऑफिस दरवर्षी तोंड वाकडं करायचं.

यंदा मी तोडगा काढला. नाल्याकडचा व्हॉल्व बंद करायचा आणि सगळं पाणी जुन्या बंद पडलेल्या खड्ड्यात वळवायचं. जानेवारीच्या शेवटी ते करून टाकलं. ‘नो’चं ‘येस’ झालं. व्हिडिओ कॉलवर माझं नाव घेतलं गेलं. मॅनेजर साहेबांनी समोसे मागवले. मी चार खाल्ले.

तो नाला पुढे आमच्याच गावच्या तलावात जातो, हे मला माहीत होतं. पण तलाव मी लहानपणापासून भरलेलाच पाहिला होता. तो पावसाने भरतो असं मी धरून चाललो होतो. आमची बांधी गावाच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीवर. तलावाखालच्या लोकांची चिंता आमच्या घरात कधी जेवायला बसली नाही.

“काहून बंद केलं रे बाबू?” मामांनी विचारलं.

मी समजावलं, की कंपनीने पाणी बाहेर सोडणं चांगलं समजत नाहीत. शून्य असलं तर मार्क मिळतात.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे तू शाळेत होता तवा शून्य भेटलं का तुहा बाप मारे. आता शून्य भेटलं का समोसे भेटते. शिकला बाप्पा तू.”

समोशांची बातमी गावात पोचली होती तर.

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, होऊन पंधरा दिवस झाले होते. तलाव तळाला चालला होता. आणखी दहा दिवस पाणी आलं नाही तर पाळीखालचं, म्हणजे तलावाच्या बांधाखालचं, सगळं धान जागच्या जागी वाळणार होतं.

मी बूच हातात घेऊनच मॅनेजर साहेबांकडे गेलो. साहेब झारखंडचे, माणूस सरळ, पण लेखी दिलेल्या गोष्टीला देव मानणारा.

“येस लिखके भेज दिया है,” ते म्हणाले. “अब नो करना है तो कागज लाओ. वह पानी सचमुच किसी के काम आता है, इसका सबूत. ऑडिटर परसों आ रही है. वो मान गई, तो व्हॉल्व खोल देंगे.”

रिपोर्टमध्ये तशी सोय असते. पाणी नाल्यात ‘टाकलं’ असं न लिहिता ‘दुसऱ्यांना वापरायला दिलं’ असं लिहिता येतं. पण त्याला रेकॉर्ड लागतं. मी ग्रामपंचायतीत विचारलं. तिथे तलावातल्या मासेमारीची फाइल निघाली. पाण्याचं एकही पान नव्हतं. शेवटी मामांनाच फोन केला. लिहून ठेवता का काही?

“रोजच लिवतो,” मामा म्हणाले. “घरी येऊन पाहून घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मामांच्या घरी पुतणीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. मामी बादलीत चुना कालवून, पदर खोचून भिंतीसमोर उभ्या होत्या. आणि भिंतीवर, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोळशाच्या रेघा.

“मामी, थांबा,” मी म्हणालो.

“काहून थांबू? पावणे येऊन राहिले ना.”

“ते रेकॉर्ड आहे.”

“ते घाण हाये. तीस वर्सं झाले, हा माणूस भिंत खराब करते न मी पोतते.”

मी बादली उचलून अंगणात नेली. बी.ई. झाल्यापासून केलेलं ते माझं सगळ्यात उपयोगी काम असावं.

त्या रेघांचा अर्थ असा. तलावाच्या पाळीत पाणी सोडायची दगडी रचना असते, तिला तुडूम म्हणतात. पायऱ्यांसारखी पाच भोकं, प्रत्येकाला लाकडी बूच. पाणी भरपूर असलं की वरचं भोक उघडायचं; पातळी उतरली की त्याखालचं. मामा रोज ज्या भोकाने पाणी सोडत, त्या भोकाच्या ओळीत एक रेघ मारत. पाच भोकं, पाच ओळी. एका दिवसाला एक रेघ, म्हणून दिवाळीपासून मोजत आलं की तारीख निघते.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर मॅडम नागपूरहून आल्या. तिशीच्या, पायात स्पोर्ट्स शूज, हातात टॅब. मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं. त्यांनी आधी ओळी मोजल्या. मग माझ्याकडून पंपाचं लॉगबुक मागून घेतलं, म्हणजे पंप कोणत्या दिवशी किती तास चालला ते. आणि मामांना एक-एक दिवस बोट ठेवून विचारायला लागल्या.

डिसेंबरात आमची मोटर जळाली होती; आठवडाभर पंप बंद. भिंतीवर त्याच आठवड्यात रेघा दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीत उतरल्या होत्या. मोटर दुरुस्त झाली, रेघा पुन्हा वर. जानेवारीच्या शेवटी मी व्हॉल्व बंद केला. तिथून रेघा तिसरीत, चौथीत, पाचवीत, जिना उतरावा तशा. त्यापुढे भिंत कोरी.

“मोटर जळाली हे तुम्हाला माहीत होतं?” मॅडमनी विचारलं.

“मले कोण सांगन जी? पाणी उतरलं तवा समजलं का तिकडं काही बिघडलं.”

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दोन माणसं एकमेकांना न विचारता एकच गोष्ट लिहितात, तेव्हा आम्ही ती मान्य करतो.” मग मामांना विचारलं, “मागच्या वर्षीचं रेकॉर्ड?”

“दिवाळीले पोतलं,” मामा म्हणाले.

दारातून मामी म्हणाल्या, “मी पोतलं. माह्यं नाव लिवा.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. भिंतीचे फोटो काढले, लॅबचे रिपोर्ट पाहिले, आणि टॅबवर टिपलं की मागील वर्षाची माहिती उपलब्ध नाही. कारण मात्र त्यांनी लिहिलं नाही.

त्याच दुपारी मॅनेजर साहेबांनी व्हॉल्व उघडायला सांगितलं. पाणी तलावापर्यंत पोचायला दोन दिवस लागले, पातळी वर यायला आठवडा. कडेच्या दोन-तीन बांध्या गेल्याच. त्यांचा दोष माझ्या नावावर आहे, आणि मामा ते विसरू देत नाहीत. बाकीचं धान वाचलं.

रिपोर्टमध्ये ‘येस’चं पुन्हा ‘नो’ झालं. हेड ऑफिसने पुन्हा तोंड वाकडं केलं. खाली बारीक अक्षरात दोन ओळी आल्या, की खाणीचं पाणी गावच्या तलावाला जातं आणि त्यावर शेती होते. त्या बारीक अक्षरांसाठी कोणी समोसे मागवत नाही.

खाणीच्या सुताराकडून सागवानाचं नवं बूच करवून मी मामांकडे घेऊन गेलो आणि जुनं परत द्यायला काढलं. मामांनी नवं ठेवून घेतलं, जुनं माझ्याकडेच सरकवलं.

“हे राहू दे तुह्यापाशी. फिरून शून्य लिवाची हौस आली, तवा पाहजो.”

बूच माझ्या टेबलावर आहे, आणि कागद खरंच उडत नाहीत. रिपोर्टमध्ये कुठे शून्य लिहायची वेळ आली, की आधी पायी जाऊन ते शून्य कोणाच्या बांधीत पडणार ते पाहून येतो. आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी, मामींनी चुना कालवायच्या आत, भिंतीचा फोटो काढून आणतो.