पाठ केलेलं उत्तर

लाकडाशी बोलणारे सुतार पुष्कळ असतात, पण या सुताराशी लाकूडच बोलायला लागलं. फळ्या म्हणाल्या, आम्हाला जाळ, नाहीतर तुझ्या बहिणीचं काही खरं नाही. घाबरून त्याने दाजींचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, फर्निचरचं अख्खं दुकान पेटवून दिलं. कुणी दगावलं नाही, एवढं नशीब. त्या वेळी तो भानावर नव्हता म्हणून कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, पण सोडलं ते थेट मनोरुग्णालयात. तिथे डॉक्टरांची समिती अधूनमधून तपासणार आणि पटलं, तर घरी पाठवायची शिफारस कोर्टाला करणार.

वॉर्डात या तपासणीची चक्क शिकवणी चालायची. शिकवणारा एक जुना पेशंट, त्याला सगळे हेडमास्तर म्हणायचे. स्वतः कायम नापास, पण दुसऱ्याला पास करायचा उत्साह दांडगा. खाटेवर मांडी ठोकून तो डॉक्टर व्हायचा. हसायचं नाही, रडायचं नाही, आवाज ऐकू येतात का विचारलं की ठणकावून ‘नाही’ म्हणायचं. सुताराने सगळं घोकलं आणि दोनदा आपटी खाल्ली. हेडमास्तरच्या मते ‘नाही’मध्ये दम कमी पडला होता.

तिसऱ्या खेपेला समितीने ताई आणि दाजींनाही बोलावलं. ताई नेहमी भेटायला यायची, दाजी मात्र आगीनंतर आज पहिल्यांदाच समोर बसले होते. समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी आवाजांचं विचारलं. ‘नाही’ अगदी ओठावर आलं, पण ताई बघत होती, आणि ताईसमोर खोटं बोलणं त्याला लहानपणापासून कधी जमलंच नव्हतं.

“येतो कधीतरी. बारीक,” तो म्हणाला. “आला की मी सिस्टरांना सांगतो. त्या जवळ बसल्या की जातो.”

आता आपला मुक्काम कायमचा इथेच, असं त्याने धरून टाकलं. बाईंना मात्र हसू फुटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या वॉर्डातल्या सगळ्यांचं ‘नाही’ एकाच चालीत येतं. आपला आजार ओळखून मदत मागणारा माणूस आम्हाला हवा होता, तो आज भेटला. सुताराचा जीव भांड्यात पडला.

पण बाईंचा एक प्रश्न उरला होता. घरी सिस्टर नाहीत. रात्री आवाज आला तर कुणाला सांगणार?

ताई कारखान्यात रात्रपाळीला असायची. घरी उरायचे दाजी. ज्यांचं दुकान जाळलं, त्यांना कुठल्या तोंडाने उठवायचं? सुताराने चोरून दाजींकडे पाहिलं.

दाजींनी घसा खाकरला.

“मला उठव,” ते म्हणाले. “दुकान पेटल्यापासून माझी झोप तशीही सावधच असते.”

आधी ताई हसली, मग डॉक्टरीणबाई. सुतार हसता हसता रडायला लागला. शिफारस लिहून झाली तरी त्याचं रडू थांबेना, आणि दाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.