कमलीपासून पर्सनेबलपर्यंत

दत्ताराम सुर्वे फोर्टातल्या एका बोटकंपनीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि गिरगावची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आले. येताना कंपनीचा जुना टाइपरायटर आणि गोऱ्या साहेबाचं इंग्रजी, दोन्ही घेऊन आले. साहेब कधीचाच विलायतेला गेला होता, पण ते सुर्व्यांना कोणी कळवलं नसावं.

नव्वदच्या सुमारास आमच्या सोसायटीत लग्नाच्या मुलीचा बायोडेटा इंग्रजीतच लागायचा आणि तो टाइप करायचे सुर्वेकाका. आधी मुलीने त्यांच्यासमोर बसायचं, उठायचं, खिडकीपर्यंत चालून दाखवायचं. काका चष्म्यावरून बघत आणि रूपाला साहेबाच्या इंग्रजीतला एकेक शब्द देत. सगळ्यात वर ब्यूटिअस, मग कमली, मग विनसम. अंगाने भरलेली असेल तर बॉनी. जिच्यात काहीच हाती लागलं नाही, ती पर्सनेबल. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, पायऱ्या मात्र सगळ्या आयांना पाठ होत्या. माझ्या आशाला पर्सनेबल मिळालं. मी सुरमई घेऊन गेले, तेव्हा कुठे ती विनसम झाली. कमलीसाठी बहुधा पापलेट लागलं असतं.

स्वतःच्या मुलीला, उर्मिलाला, त्यांनी ब्यूटिअस लावलं. तिला चालून दाखवायला सांगितलं नाही. घरचीच तर होती. उर्मिला सावळी, हाडकुळी, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला. हसली की छान दिसायची. ब्यूटिअस वाचून पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि तिच्याकडे बघून विचारायचे, "ही धाकटी का? थोरली कुठाय?" अशी दोन स्थळं गेली. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, साधं सावळी लिहा ना."

"इंग्रजीत असं लिहीत नाहीत," काका म्हणाले.

मग जेसल पार्कचा स्वप्नील आला. त्याने तिला स्वयंपाकाचं नाही, कामाचं विचारलं. दोघं बाल्कनीत बराच वेळ बोलत होती. त्या दिवशी पोहे मी केले होते. रिकाम्या बशा घेऊन उर्मिला आत आली, तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता. "मावशी, हाच व्हायला हवा," ती हळूच म्हणाली.

आठवड्याने मध्यस्थ निरोप घेऊन आला. मी तिथेच होते.

"मुलीबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "पण डोळ्यांना दिसणारी गोष्ट वडील एवढी फुगवून लिहितायत, तर बाकीचं कशावरून खरं, असं विचारतायत."

तो गेल्यावर काका टाइपरायटरकडे वळले. "ब्यूटिअस जरा जास्तच झालं. कमली करतो."

उर्मिला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोळे भरले होते, आवाज मात्र स्वच्छ होता. "शब्द राहू द्या, बाबा. एकदा माझ्याकडे बघा."

साऱ्या सोसायटीच्या मुली न्याहाळणाऱ्या त्या माणसाचा मला असा संताप आला की काय सांगू. काकांनी नवा कागद चढवला आणि खाली बघूनच म्हणाले, "जन्मतारीख सांग तुझी."